डोक्याला मार लागल्यापासून आकड्यांच्या ओळी सरकायल्यात, चष्म्याचा नंबर मात्र तोच. कुणाला अनुभव आहे का?

मोंढा_परभणी
नमस्कार मंडळी. वय 36, परभणीच्या मोंढ्यात आडत दुकानावर हिशोब बघतो. पोळ्याच्या आसपास मोटरसायकलवरून पडलो, हेल्मेट होतं म्हणून डोकं फुटलं नाही पण थोडा वेळ काहीच सुधरत नव्हतं अन उलट्या झाल्या. सीटी स्कॅन नॉर्मल आला, कन्कशन आहे (डोक्याला बसलेल्या धक्क्यानं मेंदूच्या कामात तात्पुरता बिघाड), आराम करा म्हणले अन घरी सोडलं. मळमळ गेली, झोप सुधारली, पण डोळ्याचं काही खरं नाही. टॅलीत एन्ट्री करायला बसलं की दहा-पंधरा मिनिटांत अक्षरं डबल व्हायलीत, कपाळ अन डोळ्यामागं ठणकायलंय, वरच्या काटापट्टीचं (वजनाच्या चिठ्ठीचं) वजन खालच्या नावापुढं दिसायलंय. शेतकऱ्याच्या पैशाचा मामला आहे म्हणून लई भीती वाटते. ट्यूबलाइट सहन होत नाही, रात्री समोरच्या गाडीचा लाइट तर नकोच. डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलं तर 6/6, नंबर बदलला नाही, ड्रॉप टाका. आता घरचे अन दुकानातले दोघंबी म्हणायलेत की रिपोर्ट नॉर्मल आहेत तर तुला व्हायलंय काय, ऐन सोयाबीनच्या आवकेत. कुठं दाखवू, अन तोपर्यंत अंधार करून पडून राहू का काम करत राहू?

लातूरची_ताई
दादा, आधी हे ऐका, तुम्हाला भास होत नाहीयेत. मी कॉलेजात शिकवते, मागं बाथरूममध्ये पडून डोकं आपटलं होतं अन हेच सगळं झालं, पेपर तपासताना ओळ हरवायची, फळ्याकडून वहीकडं नजर आणली की क्षणभर सगळं धुरकट. 6/6 म्हणजे लांबचं अक्षर दिसतं एवढंच. दोन्ही डोळे मिळून जवळचं काम करू शकतात का हे त्या तक्त्यावर कळतच नाही. अन सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं, कन्कशनमधला कामातला बिघाड बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल अन माणूस हैराण. माझं ऑर्थोप्टिस्टकडं (दोन डोळ्यांचा ताळमेळ तपासणाऱ्याकडं) गेल्यावर कळलं की कन्व्हर्जन्स कमी पडतंय, म्हणजे जवळ बघताना दोन्ही डोळे नाकाकडं वळायला पाहिजेत ते वळत नव्हते. व्यायाम दिले, हळूहळू आलं ताळ्यावर. अंधारात पडून राहू नका. पहिले एक-दोन दिवस आराम ठीक असतो, नंतर थोडं थोडं चालायचं, थोडं थोडं काम वाढवायचं. खोली बंद करून राहिलं की उजेड अजूनच टोचतो अन माणूस मनानं खचतो ते वेगळंच.

दृष्टी_संभाजीनगर
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासणारा. ताईंनी बरोबर सांगितलंय, थोडी भर घालतो. तुम्ही जिथं दाखवाल तिथं 'बायनॉक्युलर व्हिजन तपासा, डोक्याला मार लागलाय' असं स्पष्ट म्हणा (म्हणजे दोन्ही डोळे मिळून कसं काम करतात ते), नसता परत नंबरच काढून देतील. यात कन्व्हर्जन्स बघतात (पेन नाकाकडं आणत नेलं की साधारण पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत एकच दिसायला पाहिजे, त्याच्या बरंच आधी दोन झालं तर गडबड), जवळ-लांब फोकस बदलायचा वेग बघतात, नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नीट उडी मारते का ते बघतात, अन डोकं हलवताना नजर स्थिर राहते का तेही. संभाजीनगरच्या घाटीत (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा कोणत्याही मेडिकल कॉलेजच्या नेत्र विभागात विचारा.

घरी एक गोष्ट करून बघा अन इथं सांगा. डबल दिसत असताना एक डोळा झाका, मग दुसरा. कोणताही झाकल्यावर एकच दिसलं तर दोन डोळ्यांच्या ताळमेळाचा प्रश्न आहे, एका डोळ्यानंही डबल दिसलं तर त्या डोळ्याचाच काहीतरी. अन दोन दिसतात ते शेजारी-शेजारी की एकावर एक, हेही बघा.

ब्ल्यू कट चष्म्यावर पैसे घालू नका, कोक्रेन (वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था) हिच्या 2023 च्या आढाव्यात त्यानं डोळ्याचा ताण कमी झाल्याचं काही दिसलं नाही. डोकेदुखीची गोळी रोज घेत असाल तर डॉक्टरला सांगा, महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त झाली तर गोळीमुळंच डोकं दुखायला लागतं. आणि चमकल्यासारखं दिसणं, अचानक मोप काळे ठिपके, एका बाजूनं पडदा आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी थेंब टाकून बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासून घ्या. डोकेदुखी वाढतच जाणं, परत उलट्या, सुस्ती, बोलताना अडखळणं, एक बाहुली मोठी दिसणं, यात डोळ्याचा दवाखाना नाही, सरळ इमर्जन्सी.

गोदाकाठ_नांदेड
भाऊ, माझ्या मेव्हण्याला हेच झालतं, तो बी हिशोबाच्याच कामाचा, म्हणून कामाचं सांगतो. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटा सेकंदाला शंभर वेळा लपलपतात, साध्या माणसाला कळत नाही पण असा मार लागलेल्याला सोसत नाही. मालकाला म्हणून तुमच्या टेबलावरची एक तरी बदलून चांगला एलईडी लावा. खिडकीच्या उजेडाकडं तोंड करून बसू नका. काटापट्टीवर काळ्या पुठ्ठ्याची एका ओळीएवढी फट कापून ठेवायची अन ती सरकवत वाचायचं, यानं त्याला सगळ्यात जास्त फरक पडला. स्क्रीनवर अक्षर मोठं, वरखाली सरकवणं कमी. अन त्रास सुरू व्हायच्या आधी थांबायचं, डोकं दुखायची वाट नाही बघायची, दहा मिनिटात दुखतं ना मग सात मिनिटाला उठा, बाहेर लांब बघा, पापण्या मिटा. काळा गॉगल उन्हात घाला, टोपी घाला, पण दुकानात-घरात नको, डोळ्याला अंधाराची सवय लागते. मालकाला सांगा की टोटल दुसऱ्या कुणाकडून ताडून घ्या म्हणून, शेतकऱ्याचं नुकसान बी होत नाही अन तुमच्या डोक्यावरचं ओझं कमी.

मोंढा_परभणी
सगळ्यांचे आभार, वाचून धीर आला, बायकोलाबी वाचून दाखवलं. दृष्टी सर, करून बघितलं. कोणताही एक डोळा झाकला की एकच दिसतं. पण दोन दिसतात ते शेजारी नाहीत, थोडे वरखाली अन तिरपे. जिना उतरताना तर पायरीवर पायरी दिसायली, हात धरून उतरतो. बायको म्हणते पडल्यापासून मान एका बाजूला वाकडी करून बसायला लागलात. याचा संबंध आहे का?

दृष्टी_संभाजीनगर
आहे, अन हे तुम्ही सांगितलं ते लई बरं झालं. वरखाली डबल, खाली बघताना जास्त, अन मान कलती ठेवली की बरं वाटणं, हे डोळ्याचा एक स्नायू हलवणाऱ्या चौथ्या नर्व्हला इजा झाल्याचं लक्षण असू शकतं. ती बारीक नस मेंदूच्या मागून निघून लांबचा रस्ता काढत डोळ्यापर्यंत येते, म्हणून डोक्याला धक्का बसला की तिला इजा व्हायचा संभव असतो. इथून मी निदान करू शकत नाही, पण पेन नाकाकडं आणायचा व्यायाम सध्या आपल्या मनानं सुरू करू नका. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडं जा, 'वरखाली दोन दिसतं, जिना उतरता येत नाही' हेच शब्द वापरा, सीटीची फिल्म सोबत न्या, प्रिझम (नजरेची दिशा वळवणारी काच) आणि हेस चार्टनं (कोणता स्नायू किती कमी पडतोय ते दाखवणारा तक्ता) मोजतील, गरज वाटली तर न्यूरोकडं पाठवतील. बऱ्याच जणांची नस काही महिन्यांत सुधारते, म्हणून ऑपरेशनचा विषय सहसा सहा महिने काढत नाहीत. तोपर्यंत चष्म्यावर चिकटवायचा पातळ फ्रेनेल प्रिझम मिळतो, नाहीतर हिशोब करताना एका काचेला पांढरी टेप लावली तरी ओळी एक दिसतील. मोटरसायकल मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद, एक डोळा झाकूनही चालवू नका, अंतराचा अंदाज चुकतो. दवाखान्यातही एसटीनं किंवा कुणासोबत जा.

लातूरची_ताई
दादा, वहिनींना सोबत न्या, मान वाकडी होते हे त्यांनीच हेरलंय, डॉक्टरला त्याच नीट सांगतील. अन मार लागायच्या आधीचे तुमचे दोन-चार फोटो मोबाइलमध्ये ठेवा, मान आधीपासूनच कलती होती का आत्ताच व्हायली हे माझ्या डॉक्टरांनी फोटोवरूनच बघितलं होतं.