सिरीयल किलरच्या डॉक्युमेंटऱ्यांत मेलेली माणसं असतात कुठे?

चांदणी_चौकस
मी ट्रू क्राइम भरपूर बघते, त्यात लाज वगैरे काही नाही, पण हल्ली एक गोष्ट फार खटकायला लागलीय. चार भागांची मालिका असते, त्यातले साडेतीन भाग खुन्याचं बालपण, त्याची आई, त्याची गाडी, शेजारी म्हणतात किती शांत माणूस होता हो, मग एक निवृत्त पोलिस अंधाऱ्या खोलीत बसून त्याचं डोकं कसं चालायचं ते सांगणार. आणि ज्यांना मारलं त्यांचे फोटो एका ओळीत, मागे उदास पियानो, दहा सेकंद, संपलं. परवा गॅरी रिजवेवरचं बघितलं, तोच तो अमेरिकेतला ग्रीन रिव्हर किलर, ४९ खुनांत दोषी ठरलेला. बघून झाल्यावर माझ्या लक्षात काय राहिलं तर तो ट्रक रंगवायची नोकरी करायचा हे. त्या ४९ जणींपैकी एकीचंही नाव सांगता येईना.

तर विचारायचं असं की उलट्या बाजूने काढलेली एखादी डॉक्युमेंटरी आहे का, जिच्यात मेलेली माणसं नीट दिसतात? आणि अशी काढली तर ती बघवते का, की नुसती श्रद्धांजली होते?

निशाचर
चांगला धागा. रिजवेचंच उदाहरण पुढे नेतो कारण ते फार बोलकं आहे. २००३ मधे त्याने गुन्हे कबूल केले तेव्हा कोर्टात जे निवेदन वाचलं गेलं त्यात त्याने स्वतःच सांगितलंय की वेश्या निवडल्या कारण त्या कुणाच्या नजरेत न येता गाडीत बसवता यायच्या, त्या हरवल्याची तक्रार लगेच होणार नाही आणि कदाचित कधीच होणार नाही हे त्याला माहीत होतं. म्हणजे बघा, ज्याला आपण मास्टरमाइंड वगैरे म्हणतो त्याची सगळी हुशारी एवढीच, कुणाला शोधायला कोणी येणार नाही हे ओळखणं. त्याच्या लाळेचा नमुना पोलिसांनी १९८७ मधेच घेतला होता, डीएनए जुळला २००१ मधे. त्या काळी तसं तंत्र नव्हतं हे खरंय, पण सगळा दोष तंत्रावर टाकता येत नाही.

सॅम्युअल लिटल त्याहून भयंकर. १९७० ते २००५ एवढ्या काळात ९३ खून केल्याचं त्याने सांगितलं, आणि त्यातले बरेच मृत्यू नोंदीत खून म्हणून नव्हतेच!! ड्रग्जचा ओव्हरडोस, अपघात, कारण अनिश्चित असं लिहून फाइल बंद. पुढे तुरुंगात त्याने आठवतील तसे त्या बायकांचे चेहरे रंगवले आणि एफबीआयने ती चित्रं लोकांसमोर ठेवली, कुणी ओळखतंय का म्हणून. म्हणजे त्यातल्या काहींची ओळख पटवायला हातात काय होतं, तर मारणाऱ्याच्या हातचं चित्र. ह्यावर खरं तर अख्खी डॉक्युमेंटरी व्हायला हवी पण होतं काय की तो किती छान चित्रं काढायचा ह्याचंच कौतुक चालतं.

सांजवेळ_
@चांदणी_चौकस डोळे झाकून "टेल्स ऑफ द ग्रिम स्लीपर" बघ. निक ब्रूमफील्डची, २०१४ ची. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात १९८५ पासून गरीब काळ्या बायकांचे खून होत होते, लॉनी फ्रँकलिन पकडला गेला थेट २०१० मधे. ब्रूमफील्ड खटला उभा राहायच्या आधीच कॅमेरा घेऊन त्या गल्ल्यांमधे जातो आणि त्याला पॅम नावाची एक बाई भेटते, स्वतः त्याच रस्त्यांवर नशेत वर्षं काढलेली, ती गाडीत पुढच्या सीटवर बसून खिडकीतून हाका मारत एकेक बाईला गाठते. आणि त्या बायका धडाधड सांगायला लागतात, हो मी गेले होते त्याच्या घरी, हो त्याने माझे फोटो काढले, हो मी पळून आले. हे एका परक्या माणसाला थोड्या दिवसात कळतं आणि पोलिसांना पंचवीस वर्षांत कळत नाही, हाच त्या सिनेमाचा सगळा मुद्दा आहे. निवेदनात ओरडून सांगावा लागत नाही.

त्याच्या घरात एवढ्या बायकांचे फोटो सापडले की पोलिसांनी १८० च्या आसपास फोटो जाहीर करून ह्यांना ओळखता का विचारलं. आणि स्लीपर हे नाव का पडलं माहितीय का, तर १९८८ ते २००२ मधे खून झालेच नाहीत असं धरलं गेलं म्हणून, तो झोपला होता म्हणे. सिनेमा बघताना सारखं डोक्यात येतं की तो खरंच थांबला होता की कुणी मोजतच नव्हतं.

१९८८ मधे एक बाई छातीत गोळी लागूनही वाचली होती आणि तिने नारिंगी रंगाच्या गाडीपर्यंत सगळं वर्णन दिलं होतं. वस्तीत मात्र सिरीयल किलर फिरतोय हे पोलिसांनी लोकांना नीट सांगितलंच नाही. मार्गारेट प्रेस्कॉड आणि तिच्याबरोबरच्या बायका ऐंशीच्या दशकापासून पत्रकं वाटत होत्या, मोर्चे काढत होत्या. त्या आहेत सिनेमात, आणि मला तर फ्रँकलिनपेक्षा त्याच जास्त लक्षात राहिल्या.

उलटतपासणी
थोडा वाद घालतो, रागावू नका. डॉक्युमेंटरी म्हणजे स्मारक नव्हे. तेरा खून असतील तर तेरा आयुष्यांना जोडणारा धागा एकच असतो आणि तो म्हणजे मारणारा. प्रत्येकीला सारखा वेळ द्यायला गेलात तर ती सगळी आयुष्यं एकसारखी वाटायला लागतात, हसरी होती, प्रेमळ होती, मुलांवर जीव होता, आणि हे ऐकून ती माणसं जास्त जवळची होत नाहीत, उलट पुसट होतात. शिवाय घरच्यांना हे सगळं परत उकरून हवंच असतं असं कोणी सांगितलं? किती तरी लोकांना नको असतं. आपल्याला पीडितांबद्दल फार वाटतं म्हणून त्यांच्या आईला कॅमेऱ्यासमोर बसवून रडवायचं, हे खुन्याचं बालपण दाखवण्यापेक्षा काही थोर काम नाही.

आणि खरं बोलायचं तर थंबनेलवर खुन्याचे डोळे असतात म्हणून आपण क्लिक करतो. इंग्लंडमधला यॉर्कशायर रिपर, म्हणजे पीटर सटक्लिफ, घ्या. तिथली खरी गोष्ट तपास कसा फसला ही आहे. सटक्लिफला पोलिस नऊ वेळा भेटले आणि नऊ वेळा सोडलं, तपासाच्या नोंदींच्या लाखो कागदी कार्डांच्या ढिगात कशाचा कशाला मेळ नाही. त्यात पीडित बायका मधे आणून काय मिळणार?

कुंपणावरची
@उलटतपासणी आई रडवण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण यॉर्कशायरचं उदाहरण तुम्ही स्वतःच्याच विरोधात दिलंय. तपास फसला तो नुसता कार्डांमुळे नाही, पीडित बायकांकडे बघायच्या नजरेमुळे फसला. पोलिसांनी आधीच ठरवून टाकलं की हा वेश्यांचा द्वेष करणारा माणूस आहे, मग जी हल्ल्यातून वाचली पण त्या चौकटीत बसत नाही तिचं ऐकायचंच नाही. १९७५ मधे १४ वर्षांच्या एका शाळकरी मुलीवर हल्ला झाला, ती त्याच्याबरोबर बराच वेळ बोलत चालली होती, तिने दिलेल्या वर्णनावरून चेहरा तयार झाला, पण तिचं प्रकरण ह्या मालिकेत धरलंच नाही. १९७६ मधे लीड्समधे एक २० वर्षांची काळी मुलगी वाचली, ती गरोदर होती, बाळ गेलं, तिने सांगितलेला चेहराही जुळणारा होता. तिलाही बाजूला सारलं. हे दोन चेहरे शेजारी ठेवून भिंतीवर लावले असते तरी पुरलं असतं हो. त्याऐवजी १९७९ मधे कुणा भलत्याच माणसाने मीच रिपर म्हणून पाठवलेली टेप खरी मानली आणि ज्याचा उच्चार टेपवरच्यासारखा नाही तो संशयित वगळायला लागले. सटक्लिफ तर यॉर्कशायरचाच. १९८१ च्या जानेवारीत तो सापडला तो गाडीला खोटी नंबरप्लेट होती म्हणून.

आणि खटल्यात सरकारी बाजू मांडणारे अ‍ॅटर्नी जनरल काय म्हणाले, तर ह्यातल्या काही वेश्या होत्या, पण सगळ्यात दुःखाची गोष्ट म्हणजे काही नव्हत्या. हे फिर्यादी पक्षाचं बोलणं!! त्यावेळी वापरलेल्या भाषेबद्दल तिथल्या पोलिसांनी माफी मागितली ती २०२० मधे, सटक्लिफ मेल्यावर. त्याच वर्षी नेटफ्लिक्सची मालिका आली, काही घरच्यांनी आणि वाचलेल्यांनी पत्र लिहून सांगितलं की नावात रिपर नको, त्या माणसाला उगाच वलय मिळतं. नाव द रिपरच राहिलं. गंमत म्हणजे मालिका आतून तशी वाईट नाही, पोलिसांच्या नजरेबद्दल बरंच बोलते, पण पाटीवर कोण, तर तोच.

टिंब
+१ कुंपणावरची.
पण एक शंका, कुणी हरवल्याची तक्रारच केली नाही तर पोलिस तरी काय करणार? सगळा दोष नजरेचाच का?

जुनी_वही
@टिंब तक्रार का होत नाही हेही बघायला लागतं ना. टोरंटोमधे ब्रूस मॅकआर्थरने २०१० ते २०१७ मधे आठ पुरुषांना मारलं, बरेचसे दक्षिण आशिया नाहीतर मध्यपूर्वेतून आलेले. त्यातला एक श्रीलंकेहून जहाजाने आलेला तमिळ माणूस, आश्रयाचा अर्ज नाकारला गेलेला. तो दिसेनासा झाला तेव्हा घरच्यांना वाटलं परत पाठवतील म्हणून लपून बसला असेल. कोण जाणार तक्रार करायला? बाकी काहींच्या तक्रारी मात्र झाल्या होत्या, २०१२ मधे पोलिसांनी खास पथकही नेमलं आणि काही हाती न लागता ते गुंडाळलं.

आणि तक्रार केली म्हणून सगळं होतं असंही नाही. नोएडाचं निठारी आठवा. मुलं हरवतायत म्हणून आईबाप चौकीवर खेटे घालत होते, मोलमजुरी करणारी, बाहेरून पोटासाठी आलेली माणसं, त्यांना पोरगी कुणाबरोबर तरी पळाली असेल असं सांगून परत पाठवलं. डिसेंबर २००६ मधे तिथल्या एका बंगल्यामागच्या नाल्यात सांगाडे सापडले तेव्हा देश हादरला. मग त्या बंगल्यातल्या नोकराला, सुरेंद्र कोलीला, फाशीच्या शिक्षा, २०२३ मधे हायकोर्टातून जवळजवळ सगळ्या प्रकरणांत सुटका, २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने ती कायम केली आणि राहिलेल्या एका प्रकरणातही सोडलं. तपासच इतका ढिसाळ. आता त्या पोरांना मारलं कुणी ह्याचं उत्तर कायद्याच्या दप्तरी नाहीये. ह्यावर खुन्याच्या मनात शिरणारी डॉक्युमेंटरी काढणार कशी, खुनी कोण तेच ठरलं नाही. तिथे उरलेत फक्त आईबाप.

अवांतर, पण बरेच दिवस डोक्यात आहे. पुण्यातल्या १९७६-७७ च्या खुनांना आपण जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणतो. मारणाऱ्यांच्या नावावरून जक्कल-सुतार असंही म्हणतात काही जण, तरी ज्यांचं घर उद्ध्वस्त झालं त्यांची आडनावं लोकांच्या तोंडात राहिली. त्याच्या आठनऊ वर्षं आधी मुंबईत रामन राघव फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्यांची डोकी फोडत होता, ४१ खून त्याने कबूल केले. त्यातल्या एकाचं नाव सांगा बघू कुणी. पुढे ऐंशीच्या दशकात सायन-किंग्ज सर्कलच्या बाजूला स्टोनमॅनने मारलेले, त्यांची तर कित्येकांची ओळखही पटली नाही आणि मारणाराही सापडला नाही. नाव लक्षात राहायला आधी पक्कं घर, दारावर पाटी असं काहीतरी लागतं बहुतेक.

निशाचर
@जुनी_वही हे असं शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

सांजवेळ_
अजून एक, "इंडियन प्रिडेटर: मर्डर इन अ कोर्टरूम", २०२२. उमेश कुलकर्णीने केलीय. नागपूरच्या कस्तुरबा नगरमधला अक्कू यादव, ज्याला १३ ऑगस्ट २००४ ला भर कोर्टात मारलं. सिरीयल किलरच्या खणात ती नीट बसत नाही, तो बलात्कार, खंडणी, खून सगळंच करत होता, पण वर्षानुवर्षं वस्तीचं कुणी ऐकलं नाही ही गोष्ट तीच. आणि वस्तीतल्या बायका स्वतः बोलतात, मधे तज्ज्ञ येऊन त्यांचं म्हणणं समजावून सांगत बसत नाहीत फार. नाट्य-रूपांतराचे प्रसंग मला जरा जास्त झाले, आणि नावात परत प्रिडेटर आहेच.

चांदणी_चौकस
सगळ्यांना थँक्स, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. @उलटतपासणी, सगळी आयुष्यं एकसारखी वाटतात ते पटलं, पण मग वेगळं काहीतरी विचारा ना, हसरी होती का हे कशाला विचारायचं. शेवटची कुणाशी बोलली, तिच्यासाठी चौकीवर कोण गेलं, त्याला काय उत्तर मिळालं. हे प्रत्येकीचं वेगळंच निघणार, आणि तपास कुठे फसला तेही त्यातच सापडणार. घरच्यांना बोलायचं नसेल तर बोलायचं नाही, कागदपत्रं असतात की.

ग्रिम स्लीपरपासून सुरुवात करते.

उलटतपासणी
अर्धी बघितली आत्ता. पॅम जबरदस्त आहे. फ्रँकलिनचे मित्र सुरुवातीला हा देवमाणूस हो म्हणून सांगतात आणि तेच लोक हळूहळू एकेक गोष्ट बाहेर काढायला लागतात तो भाग तर थांबवून परत बघितला.

मत बदललेलं नाही बरं का. हाही खुन्याचाच सिनेमा आहे, प्रत्येक बाईला पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच विचारतायत. फक्त उत्तरं द्यायला निवडलेली माणसं वेगळी आहेत. उरलेली उद्या बघून लिहितो. आणि सबटायटल लावूनच बघा, रस्त्यावरचं बोलणं निम्मं कळत नाही.