डीएफएसआर: नाशिकची फाइल पुण्यात दुसऱ्या दिवशी दिसते, एक्सेलमधले बदल गायब

नाशिक_आयटी: पुणे, नाशिक, कोल्हापूर. तिन्हीकडे विंडोज सर्व्हर २०१९, ड्रॉइंगचं ३८० जीबीचं फोल्डर डीएफएस नेमस्पेसखाली (तिन्ही सर्व्हरवरचं फोल्डर एकाच पत्त्यावर दाखवणारी सोय), प्रती डीएफएसआर ही विंडोजची रेप्लिकेशन सर्व्हिस सारख्या ठेवते. नाशिकला दुपारी सेव्ह केलेली फाइल पुण्यात दुसऱ्या दिवशी उगवते. काल खर्चाचं एक्सेल दोन्हीकडे उघडं होतं, पुण्यात केलेले बदल गेले. कोल्हापूरला साधी फाइल उघडायला मिनिट लागतं. लाइन ५० एमबीपीएस, पिंग चांगला. सुरुवात कुठून करू?

रॅक४२: नाशिक ते पुणे बॅकलॉग (पोचायच्या राहिलेल्या फाइली) मोजा, मग उलट दिशेचाही, दोन्ही आकडे वेगळे असतात. गेट-डीएफएसआर-बॅकलॉग ही कमांड पहिल्या १०० फाइलीच दाखवते, पूर्ण आकड्यासाठी व्हर्बोज लावा. मग नाशिकच्या इव्हेंट लॉगमध्ये ४२०२ आणि ४२०४ या क्रमांकांच्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात का बघा. येत असतील तर स्टेजिंग (पाठवण्याआधी फाइली तयार करून ठेवायची जागा) कमी पडतंय. मूळ कोटा ४ जीबी असतो. तो ९० टक्के भरला की सर्व्हिस जुन्या स्टेज केलेल्या फाइली ६० टक्क्यांपर्यंत काढते, आणि पुढे त्याच लागल्या की पुन्हा तयार करते. डिस्क राबते, फाइल जागची हलत नाही. फोल्डरमधल्या सर्वांत मोठ्या ३२ फाइलींची बेरीज करा, कोटा किमान तेवढा ठेवा. ३०० एमबीची ड्रॉइंग्ज असतील तर जवळपास १० जीबी झाले.

४३०४ दिसला तर गोष्ट वेगळी: फाइल कॅडमध्ये उघडी आहे, बंद होईपर्यंत ती निघणारच नाही. रेप्लिकेशन ग्रुपचं शेड्यूल कुणी रात्रीपुरतं ठेवलंय का, तेही बघून घ्या.

लॉगवाचक: एक्सेलचं आजच बघा. डीएफएसआर एका सर्व्हरवरचं लॉक दुसऱ्याला कळवत नाही, शेवटी सेव्ह करणारा जिंकतो. हरलेली प्रत डीएफएसआर-प्रायव्हेटमधल्या कॉन्फ्लिक्ट-अँड-डिलीटेडमध्ये नाव बदलून पडते, लॉगमध्ये ४४१२ येतो. मूळ नाव आणि जागा शेजारच्या मॅनिफेस्ट एक्सएमएलमध्ये मिळते; गेट-डीएफएसआर-प्रिझर्व्हड-फाइल्सला त्याचाच पाथ द्या. या फोल्डरलाही कोटा आहे, भरला की जुन्या प्रती कायमच्या जातात. म्हणून आधी प्रत बाहेर काढा.

पुढे दोघांनी लिहायच्या फाइली वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि तिथे पुण्याचं एकच टार्गेट (नेमस्पेस युजरला ज्या सर्व्हरकडे पाठवतं तो) चालू ठेवा. नाशिकचं टार्गेट डिसेबल केलं तरी रेप्लिकेशन चालू राहतं. डीएफएसआरमध्ये यावर दुसरा खात्रीचा इलाज नाही.

सबनेट_बघा: कोल्हापूरच्या पीसीवर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएफएस टॅब उघडा. ॲक्टिव्ह म्हणून पुणे दिसलं तर दोष बहुधा ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या (एडी) साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये, जिथे कुठली आयपी रेंज (सबनेट) कुठल्या ऑफिसची ते नोंदवतात: कोल्हापूरचा सबनेट कुठल्याच साइटला जोडलेला नसणार. नवा राउटर आला, आयपी रेंज बदलली, की हे हमखास राहून जातं. सबनेट जोडा, मग पीसीवर डीएफएस-युटिल कॅश रेफरल फ्लश चालवा. नाहीतर जुना रेफरल (कुठल्या सर्व्हरकडे जायचं हे पीसीने साठवलेलं उत्तर) ३० मिनिटं टिकतो.

नाशिक_आयटी: टॅबमध्ये पुणेच आहे. ४२०२ सकाळपासून १७ वेळा. एक्सेल सापडलं, बाहेर काढलं. स्टेजिंग १६ जीबी करतोय, कोटा वाढवल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट लागेल का?

रॅक४२: नाही. सदस्य एडीमधून बदल उचलतात. घाई असेल तर डीएफएसआर-डिफ पोल-एडी चालवा. तासाभराने बॅकलॉगचा आकडा पुन्हा घ्या.