पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) टाळं ठोकायचं का? नेमका जबाबदार कोण ते कुणी सांगेल का

गोदाकाठचा:
राम राम मंडळी. गाव गोदाकाठचं आहे, तालुका टाकत नाही, उद्या त्याच लोकांच्या दारात जायचंय. मागच्या महिन्यात चुलतभावाच्या बायकोला रात्री दीडला कळा सुरू झाल्या, आशाताई सोबत आल्या, पीएचसी सात किलोमीटरवर, बिल्डिंग एकदम नवीकोरी, टाईल्स बिईल्स सगळं, बाहेर २४ तास सेवा असा बोर्ड. आत एक सिस्टर आणि एक शिपाईमामा. डॉक्टर कुठंयत तर मॅडम जिल्ह्याला मीटिंगला गेल्या त्या आल्याच नाहीत, आणि दुसऱ्या सरांची ऑर्डर दुसरीकडं आहे. सिस्टरनं तपासलं, म्हणाली बाळ आडवं वाटायलंय, मी इथं थांबवून घेत नाही, ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथं डॉक्टर होते, पण भूल द्यायला कुणी नाही म्हणून सिझर होत नाही, मेडिकल कॉलेजला न्या म्हणाले. १०८ दुसऱ्या केसला गेलेली, ती यायला दीड तास लागंल म्हणून गावातल्या एकाची क्रूझर काढली. पण तिचे हाल बघवंना, म्हणून मधल्याच शहरात प्रायव्हेटला घातली. दोघं मायलेकरं बरी आहेत, देवाची दया. ४८ हजार गेले, पेरणीसाठी ठेवलेले.

आता गावातली पोरं म्हणायलेत सोमवारी पीएचसीला टाळं ठोकू, पत्रकार बोलवू. एकजण तर म्हणला त्या सिस्टरलाच जाब विचारू. मला ते पटंना, ती बिचारी एकटी होती. पण मग जाब विचारायचा कुणाला? सरपंच म्हणतात झेडपीत जा, झेडपीतला बाबू म्हणतो भरती वरून होते, आमदाराचा पीए म्हणतो साहेबांनी पत्र दिलंय. पत्र दिलंय म्हणजे काय झालं बाबा? कुणाला अनुभव असंल तर सांगा, नुसतं "सिस्टीमच तशी" म्हणू नका.

निवृत्त_बाबू:
भाऊ, पहिले आई आणि बाळ सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. मी आस्थापनेत बरीच वर्षं काढली, आरोग्य विभागाच्या फायली हाताखालून गेल्यात, म्हणून सांगतो. तुमच्या त्या एका रात्रीत तुम्ही तीन वेगवेगळ्या मालकांच्या दारात निघाला होतात. पीएचसी आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेचं, तिथं तालुक्याला टीएचओ म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि वर डीएचओ म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय सिव्हिल सर्जनच्या खाली, त्याचा झेडपीशी संबंध नाही. आणि मेडिकल कॉलेज तर आरोग्य खात्याचंच नाही, वैद्यकीय शिक्षण खात्याचं, मंत्री सुद्धा वेगळा. म्हणून प्रत्येकजण पुढच्या दाराकडं बोट दाखवतो आणि तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, हीच तर गंमत आहे.

आता खरी गोम. लोक विचारतात "किती पदं रिक्त आहेत", आणि उत्तर येतं "एकही नाही, दोन्ही वैद्यकीय अधिकारी भरलेले". ते खोटं नसतं. तुमच्या दुसऱ्या सरांची ऑर्डर दुसरीकडं आहे म्हणालात ना, त्याला प्रतिनियुक्ती म्हणतात. माणूस तुमच्या पीएचसीचा, पगार तुमच्या पीएचसीच्या नावावर निघतो आणि बसतो तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला. कागदावर जागा भरलेली म्हणून त्या जागेवर दुसरा येऊ शकत नाही आणि गावात दवाखाना रिकामा. म्हणून रिक्त पदं विचारूच नका. मंजूर पदं किती, आज प्रत्यक्ष तिथं काम करणारे किती, आणि प्रतिनियुक्तीवर कोण, कुणाच्या सहीनं, किती तारखेपासून, त्या आदेशाची प्रत, एवढंच मागा. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, उगं भारूड लिहिलं की तेवढ्याच कारणावर परत येतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाच्या नावानं केला तर तो पण नको. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबाकडं, दुसरं राज्य माहिती आयोगाच्या संभाजीनगर खंडपीठाकडं, तिथं मात्र तारखेची वाट बघायची तयारी ठेवा. कुणी सांगेल ४८ तासांचं कलम लावा, जीविताचा प्रश्न आहे म्हणून. तुमच्या कामाला ते लागणार नाही, ते आत्ता या घडीला जीव टांगणीला असेल तेव्हासाठी आहे.

आणखी एक, हे फार कमी जणांना माहीत असतं. २०१८ चा जीआर आहे, जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कुठलाही नागरिक फायली बघू शकतो. सोमवारी टाळं घेऊन पीएचसीला जाण्यापेक्षा चारजण झेडपीत जा. जीआरची झेरॉक्स सोबत न्या, कारण तिथल्यालाच तो माहीत नसतो.

बालाघाटचा:
बाबूसाहेब सगळं कायद्यानं बरोबर सांगायलेत पण बप्पा खरं सांगू का, कागदानं काय होत नाही इथं. नांदेडला २०२३ च्या ऑक्टोबरात काय झालं, विष्णुपुरीच्या मेडिकल कॉलेजात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यातले १२ नवजात बाळं, अख्ख्या देशात बातमी, मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, जागा किती रिकाम्या औषधं किती हे सरकारला विचारलं. आणि तिथं पोचलेल्या खासदारानं काय केलं तर डीनच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. झाली जबाबदारी फिक्स! बाळांच्या वार्डात सिस्टर किती होत्या हे कुणी विचारलं का, सगळ्यांनी तो संडासाचा व्हिडिओच बघितला.

आमच्या बीडचं तर काय सांगावं. ऊसतोड बायांच्या गर्भाच्या पिशव्या काढायच्या प्रकरणात २०१९ ला सरकारनंच सर्वे केला, ८२,३०९ बायांचा, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. प्रायव्हेटवाल्यांना शिव्या घातल्या सगळ्यांनी, घालायलाच पाहिजेत, पण ती बाई सरकारी दवाखान्यात कामून गेली नाही हे विचारा की. गेली असती तर तिथं गायनिक होती का? कारखान्यावरून चार दिवसाची सुट्टी काढून यायचं, मुकादमाची उचल फेडायची, आणि मग "मॅडम गुरुवारी येतात" ऐकून परत जायचं. टाळं ठोकल्याशिवाय यांना जाग येत नाही हे माझं मत, रागवा नाहीतर काही करा.

नाईटवाली_सिस्टर:
मी अशाच एका पीएचसीत आहे म्हणून लिहिते, नाव विचारू नका. बालाघाट दादा, टाळं तुम्ही ठोकता तेव्हा आत मी असते, साहेब नसतात. मागं एकदा आमच्याकडं असंच झालं, लोकांनी दरवाजा लावला आणि आत एक बाई बाळंत व्हायलेली, मी खिडकीतून ओरडले तेव्हा कुठं उघडलं.

मी कंत्राटी आहे, एनएचएमवर, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानात. अकरा महिन्याची ऑर्डर, मग एक दिवस ब्रेक, मग परत ऑर्डर, पगार कधी वेळेवर कधी दोन दोन महिने नाही, आणि काम परमनंटवालीएवढंच. आम्ही संपावर बसलो की म्हणतात पेशंटचे हाल केले. महिन्यात किती नाईट एकटीनं काढते त्याचा हिशोब कुठल्याच रिपोर्टला जात नाही, रिपोर्टला जातं डिलिव्हरी किती झाल्या, आणि रेफर जास्त केल्या तरी मीटिंगमध्ये आम्हालाच बोलणं बसतं. त्या सिस्टरनं बाळ आडवं ओळखून लगेच पाठवलं ना, भाऊ, तिनं बाळ वाचवलंय तुमचं. सांगा पोरांना.

दुसरी गोष्ट, तुमचे गाडीचे पैसे. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी, तिन्ही वेळची गाडी फुकट आहे, सिझर झालं तरी फुकट. त्यासाठी १०२ असते. आमच्याकडं १०२ आहे, ड्रायव्हर पण कंत्राटी, त्याचा करार संपला की गाडी नुसती उभी. तुमच्याकडं गाडी होती का, ड्रायव्हर होता का, तेवढं पण त्या कागदात विचारा. रेफरची चिठ्ठी सांभाळून ठेवली का? त्यावर वेळ असतो.

तेरणाकाठ:
आमच्या जिल्ह्याचा अनुभव सांगतो, तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे. २००७ ला राज्यात लोकाधारित देखरेख सुरू झाली ती पहिल्या पाच जिल्ह्यांत, त्यात आम्ही होतो. गावोगाव कार्ड भरायचो, हिरवा पिवळा लाल रंग, सिस्टर गावात येते का, औषध बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का. आणि मग जनसुनवाई. मांडव टाकायचा, एका बाजूला गाव, एका बाजूला टीएचओ आणि डॉक्टर, बाई माईक घेऊन उभी राहायची आणि सांगायची की अमक्या तारखेला मला परत पाठवलं. मी ते बघितलंय, साहेबाला घाम फुटतो. ओरडणाऱ्याला ते घाबरत नाहीत, तारीख आणि वेळ सांगणाऱ्या बाईला घाबरतात. पुढं पुढं ते थंड पडलं, पण ग्रामसभा काय कुणी बंद केली नाही. तारीखवार लिहून ग्रामसभेत ठराव घ्या, रुग्ण कल्याण समितीत तुमच्या भागातलं कोण आहे ते शोधा. बहुतेकांना आपण मेंबर आहोत हेच माहीत नसतं, खरं सांगतो. आणि झेडपी मेंबरला विचारा म्हणावं तर २०२२ ला मुदत संपली तशी कितीतरी वर्षं तिथं प्रशासकच बसलेला, विचारायचं कुणाला.

अजून एक, कोर्टाचं. १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, पश्चिम बंगालमधला. एक शेतमजूर ट्रेनमधून पडला, डोक्याला मार, त्याला एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्यात असं फिरवत राहिले, कुठं बेड नाही कुठं सोय नाही, शेवटी प्रायव्हेटला जावं लागलं. सेम तुमच्यासारखंच. कोर्ट म्हणालं वेळेवर उपचार न देणं म्हणजे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याला २५ हजार भरपाई मिळाली. तुम्हाला लगेच कोर्टात जा म्हणत नाही, पण अर्जात ह्या निकालाचा एक उल्लेख टाकला की समोरचा बाबू अर्ज दोनदा वाचतो.

गोदाकाठचा:
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहायलोय, उशीर झाला. टाळं ठोकलं नाही. सिस्टरताईंचं लिहिलेलं पोरांना मोबाईलवरून वाचून दाखवलं, जो जाब विचारणार होता तोच गप बसला.

सोमवारी चौघंजण झेडपीत गेलो. पहिल्या टेबलावर "कोणता जीआर?" बाबूसाहेब, तुमच्या तोंडात साखर पडो. झेरॉक्स दाखवली, मग साहेब जेवायला गेलेत, मग चावी नाही, साडेचारला फाईल आली. दोन्ही डॉक्टरांची पदं भरलेली! दुसरे सर ८ महिन्यांपासून प्रतिनियुक्तीवर, पगार आमच्या पीएचसीतून. आदेशाचा मोबाईलवर फोटो घेऊ देईनात म्हणून हातानं उतरवून घेतला, आणि प्रतीसाठी अर्ज टाकलाय. १०२ ची गाडी आहे, ड्रायव्हरची जागा चार महिने रिकामी.

ग्रामसभेत वहिनी स्वतः बोलली, लेकरू मांडीवर घेऊन, दीड वाजल्यापासूनचं सगळं घड्याळ सांगितलं. ठराव झाला, झेडपीच्या सीईओंना आणि डीएचओंना दिला, पोच घेतली. परवापासून दुसरे सर यायलेत, सध्या आठवड्यातून तीन दिवस. ड्रायव्हरचं अजून काही नाही. आणि ग्रामीण रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञाचं कुणाला विचारायचं, झेडपीवाले म्हणाले ते आमच्याकडं येत नाही.

निवृत्त_बाबू:
बरोबर बोलले ते, येत नाहीच. नवा अर्ज सिव्हिल सर्जनच्या नावानं. त्यात भूलतज्ज्ञाची जागा मंजूर आहे का तेवढंच विचारू नका, बाहेरचा भूलतज्ज्ञ ऑन कॉल बोलवायची सोय असते, मागच्या सहा महिन्यांत किती वेळा बोलवला आणि किती बिलं काढली ते विचारा. आणि सरांचे तीन दिवस लिहून घ्या हजेरीपटावरून, तोंडी आदेशावर माणूस येतो तसाच जातो.