पायथॉनमधील सॉकेट सर्व्हर: मराठी पान अर्धवट का पोहोचते?

प्रश्न
सॉकेट प्रोग्रामिंग (नेटवर्कवरून दोन प्रोग्रामांमध्ये बाइटची देवाणघेवाण करणे) शिकण्यासाठी मी कोणतेही फ्रेमवर्क न वापरता पायथॉनमध्ये लहानसा वेब सर्व्हर लिहीत आहे. ८०८० पोर्टवर बाइंड (सॉकेटला पत्ता जोडणे), लिसन (कनेक्शनची वाट पाहणे), अॅक्सेप्ट (आलेले कनेक्शन स्वीकारणे) येथपर्यंत सारे सुरळीत चालते. चाचणीसाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कल्याण या स्थानकांच्या यादीचे पान ठेवले आहे. इंग्रजी यादी पूर्ण दिसते, पण तीच मराठीत दिली की भांडुपच्या आसपास तुटते. कंटेंट-लेंग्थ हे हेडर (पानाआधी पाठवायची, त्याची लांबी सांगणारी ओळ) मी पानाच्या स्ट्रिंगवर, म्हणजे मजकुरावर, लेन हे लांबी मोजणारे फंक्शन चालवून भरतो. शिवाय सर्व्हर थांबवून लगेच सुरू केला, तर पत्ता आधीच वापरात असल्याची त्रुटी येते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
दोष लेनच्या जागेत आहे. स्ट्रिंगवरील लेन युनिकोड चिन्हे मोजते, तर कंटेंट-लेंग्थमध्ये बाइटची संख्या अपेक्षित असते. ‘ठाणे’ या शब्दात मात्रा धरून चार चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या चिन्हे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे तुम्ही ४ सांगता आणि पाठवता १२. ब्राउझर सांगितले तेवढेच वाचून थांबतो. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचे असल्यामुळे तेथे हा फरक उघड होत नाही. पान आधी एन्कोड करा (बाइटमध्ये बदला), मग लांबी मोजा आणि कंटेंट-टाइप या हेडरमध्ये यूटीएफ-८ हा कॅरसेटही नमूद करा.

उत्तर २
शिकण्यापुरते पाहिजे असेल, तर कंटेंट-लेंग्थ गाळून उत्तर पाठवल्यावर कनेक्शन बंद केले तरी चालते. १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये (ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमांत) तशी मुभा आहे. दुसरी त्रुटी टीसीपीच्या (कनेक्शन जोडून बाइट पोहोचवणाऱ्या नेटवर्क नियमावलीच्या) टाइम-वेट अवस्थेची आहे. जी बाजू आधी कनेक्शन बंद करते, तिच्याकडे ते काही काळ या अवस्थेत राहते (लिनक्सवर ६० सेकंद), जेणेकरून जुन्या कनेक्शनची वाटेत रेंगाळलेली पाकिटे नव्यात मिसळू नयेत. बाइंडच्या आधी रीयूज-अॅड्रेस हा सॉकेट ऑप्शन लावा, म्हणजे तोच पत्ता लगेच पुन्हा वापरता येईल.

उत्तर ३
टाइम-वेटविषयी सहमत आहे, पण हेडर गाळण्याचा सल्ला मला पटत नाही. लांबी माहीत नसेल, तर पान संपले म्हणून कनेक्शन बंद झाले की सर्व्हर मध्येच कोसळला म्हणून, हे ब्राउझरला ओळखता येत नाही.

आणखी एक गोष्ट आताच तपासा. टीसीपी हा बाइटचा अखंड प्रवाह आहे. त्यात संदेशांच्या सीमा नसतात. रिसीव्ह या वाचणाऱ्या फंक्शनला १०२४ बाइट मागितले, तरी ब्राउझरच्या विनंतीचा निम्माच भाग हाती येऊ शकतो. स्वतःच्या संगणकावर ती बहुधा एका दमात येते, त्यामुळे ही उणीव लक्षात येत नाही. हेडर संपल्याची खूण, म्हणजे लागोपाठ दोनदा येणारी कॅरेज रिटर्न व लाइन फीडची जोडी, मिळेपर्यंत लूपमध्ये वाचत राहा. रिसीव्हने रिकामे बाइट परत केले, तर समोरच्याने पाठवणे थांबवले असे समजून लूपमधून बाहेर पडा, अन्यथा तो अनंतकाळ फिरत राहील. पाठवताना सेंडऐवजी सेंडऑल वापरा, कारण सेंडही दिलेले सगळे बाइट एकदम पाठवेलच असे नाही.