मदत हवी आहे: नेपाळच्या बालगृहात थेरपिस्ट म्हणून जायचंय

नमस्कार मंडळी. मी जळगावची, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे. नेपाळमध्ये अनाथ मुलांसोबत स्वयंसेवक म्हणून काम करायचंय. एका एजन्सीने दोन आठवड्यांसाठी माझ्याकडूनच पैसे मागितले. पोलिस क्लिअरन्स, नोंदणी काहीच विचारलं नाही! तिथेच शंका आली. युनिसेफ म्हणतं, तिथल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. शिवाय मुलं लळा लावून घेतात अन् आपण बॅग भरून निघतो.

इथे पोळ्याचे मातीचे बैल करता करता एक अबोल पोरगा बोलता झाला, तेही अहिराणीत. मला नेपाळी येत नाही, मग थेरपी कशी करणार? त्यापेक्षा तिथल्या काळजीवाहकांना प्रशिक्षण द्यावं का?

धुळे-नंदुरबारकडचं कुणी जाऊन आलंय? सुपरव्हिजन (म्हणजे अनुभवी थेरपिस्टची देखरेख) देणारी, खात्रीची संस्था कशी ओळखायची?