आफ्रिकेची वाटणी की लचकेतोड?

दौतटाक: ब्रिटिश-नायजेरियन कलाकार यिंका शोनीबारेच्या 'स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका' (२००३) या मांडणशिल्पावरचा लेख मराठीत करतेय. माणसाएवढे १४ पुतळे टेबलाभोवती हातवारे करत बसलेत, टेबलावर आफ्रिकेचा नकाशा आणि एकालाही डोकं नाही. म्हणजे १८८४-८५ची बर्लिन परिषद, आफ्रिकेवरच्या कब्जाचे नियम ठरवायला जमलेल्या युरोपीय सत्तांची. 'स्क्रॅम्बल'ला मी 'वाटणी' लिहिलं, संपादकांनी खोडून 'लचकेतोड' केलं. कोण बरोबर?

खोताचा नातू: संपादक. वाटणी वडिलोपार्जित जमिनीची होते. आमच्याकडे तिघा भावांत झाली, बांधावरच्या एका फणसापायी सात वर्षं कोर्टात गेली. पण भांडणारा प्रत्येक जण हक्कदार होता. बर्लिनला एकही आफ्रिकी माणूस बोलावला नव्हता. ती वाटणी कसली?

माजघर: चोरही वाटणीच करतात की! लचके गिधाडं तोडतात. इथे कोट घालून, खुर्चीत बसून, ठराव करून चाललंय. 'वाटणी'तला थंडपणाच हवा.

दौतटाक: पण मूळ शब्दात झोंबाझोंबी आहे ना.

अडकित्ता: वाटणी म्हणजे ज्याने त्याने आपापल्या वाटेला लागणं. वाट, वाटणी.

माजघर: नाही हो. संस्कृत 'वण्ट्', हिंदीत 'बाँटना'. वाटेचा संबंध नाही.

अडकित्ता: तुमची व्युत्पत्ती कोशातली, माझी आजीची.

परदेशी मालवणी: आमच्याकडे मासळीबाजारात बांगड्यांचा 'वाटा' घेतात. टोपली ओतून ढीग लावायचे, 'वाटो कितक्याक गो?' विचारायचं. 'आफ्रिकेचे वाटे' करा.

खोताचा नातू: बांगड्याला डोकं तरी असतं.

दौतटाक: त्यावरून आठवलं, पुतळ्यांना 'बिनडोक' लिहिलं तर लोक हसतील. 'शिरविहीन'?

माजघर: ते पंचांगातलं वाटतं. 'मुंडकं नसलेले' लिहा सरळ.

अडकित्ता: हसू देत की. बिनडोकच होते ते.

धागादोरा: कपड्यांचं लिहिलंत का? शिवण व्हिक्टोरियन, कापड भडक 'आफ्रिकन'. पण ते कापड मुळात इंडोनेशियातल्या जावाच्या बाटिकची डच गिरण्यांतली नक्कल, पश्चिम आफ्रिकेत खपलेली. सगळी मेख तिथे आहे, नुसतं 'छापील कापड' म्हणून सोडू नका.

माजघर: बाटिक की बाटीक?

धागादोरा: आई घरी करायची. साडीवर मेण ओतून, वाळलं की मुठीत चुरगाळून रंगात बुडवायची, म्हणजे त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. 'बाटिक'च म्हणायची, ऱ्हस्व.

अडकित्ता: तत्सम नाही, म्हणजे नियमाने उपान्त्य दीर्घ. गरीब, वकील, बाटीक.

धागादोरा: आईला सांगून बघा.