भोकाचा पैसा: डिझाइन की नाइलाज?

खडूफळा: १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा हे इंग्रजी अमलातलं सगळ्यात हुशार नाणं होतं, असं माझं मत. एका बाजूला मुकुट नि साल, दुसऱ्या बाजूला भोकाभोवती पानांची महिरप. राजाचा चेहरा नाहीच, कारण ठेवायला जागाच नाही! आमच्या आजीकडे एक होता, करगोट्यात ओवलेला. बोट घातलं की कळे, पैसा आहे.

तांबटआळी: हुशारी कसली? युद्धात तांबं मिळेना म्हणून केलेली काटकसर ती. आधीचा पाव आणा, म्हणजे पैसाच, ४.८६ ग्रॅमचा होता. हा जेमतेम २ ग्रॅमचा. त्याआधी १९४० मध्ये रुपयातली चांदीही ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आणली होतीच. रुपया पातळ केला तसा पैसा पोखरला. त्याला कला म्हणू नका. लोकांनी तरी काय केलं, पत्र्याच्या खिळ्याखाली वायसर म्हणून ठोकला.

खडूफळा: काटकसर होती, मान्य. पण हिशोब करून बघा. जुन्या पैशाचा व्यास २५.४ मिमी, नव्याचा २१.३. जाडी तीच ठेवून नुसता व्यास कमी केला तरी वजन ३.४ च्या आसपास येतं. म्हणजे निम्मी बचत तिथेच झाली. उरलेल्यासाठी नाणं पातळ करता आलं असतं, भोक कशाला?

तांबटआळी: तुम्हीच सांगा, कशाला.

खडूफळा: अर्ध्या पैशाच्या नाण्यामुळे. ते २१ मिमीचंच होतं आणि वजन २.४ ग्रॅम, म्हणजे नव्या पैशाहून जडच! ते खिशात असताना त्याच मापाचं, भरीव नि हलकं नाणं पूर्ण पैसा म्हणून कोण घेणार? अंधारात, निरक्षराच्या हातात ओळख पटावी ती बोटानंच. हा माझा तर्क आहे, टांकसाळीचा कागद नव्हे.

पावकी_निमकी: मध्येच बोलते. वर कुणी म्हणालं नाही, पण या नाण्याला ‘ढब्बू’ म्हणणारे भेटतात. ढब्बू म्हणजे दोन पैशांचं जाडजूड तांब्याचं नाणं. हा बिचारा त्याच्यापुढे बत्तासा! चालू द्या.

तांबटआळी: तर्क बरा आहे, पण मग १९५० मध्ये भोक का बुजवलं? अशोकस्तंभ आला, मागे दौडता घोडा आला आणि पैसा पुन्हा भरीव झाला. चांगलं डिझाइन कुणी असं टाकून देतं?

खडूफळा: मापं बघा. तो घोड्याचा पैसाही २१ मिमीचाच, फक्त जाड, सुमारे ३ ग्रॅमचा. अर्धा पैसा तोवर पाडायचाच बंद झाला होता. गोंधळ व्हायला जोडीदारच उरला नाही, भोकाची गरज संपली.

तांबटआळी: हं. अर्ध्या पैशाचं पटतंय थोडं. वायसरचं मात्र मागे घेत नाही, आमच्या गोठ्यावर अजून तीन आहेत.